छत्रीवाली बाई

मकावच्या बसच्या रांगेत इनेसच्या पुढे तिच्याच गल्लीतले विधुर लेओंग मास्तर आणि विधवा फाँगबाई उभे होते. मास्तरांनी बंदराचं एक जुनं कोरीव छापचित्र उलगडलं.

“किनाऱ्यावरची ही छत्रीवाली अगदी तुमच्यासारखी दिसते, फाँगबाई.”

“अहो, माशीएवढी आहे ती! आणि तिच्यामागे तो हमाल कोण?”

“हमाल नाही. तो मी.”

“मग एवढे मागे का राहिलात?”

“विचारायचं धाडस होत नाही हो त्याला.”

“दोनशे वर्षं?”

“ती हो म्हणेल, असं वाटतं तुम्हाला?”

“चित्रातली बाई कशी बोलणार, मास्तर? मला विचारा की!”

बस आली, दार उघडलं. रांगेतलं कुणी जागचं हललं नाही. इनेससुद्धा.