आय ॲम अफ्रेड

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंप्याचे कान शेजारच्या सासूसुनेकडे लागले होते.

“कारखान्यातल्या नव्या साहेबांना इंग्रजीशिवाय काही कळत नाही ना? मग बोललीस कशी?”

“म्हटलं, आय ॲम अफ्रेड, सर, बेल्ट फार जोरात पळतोय, बरण्या फुटतायत. सगळं इंग्रजीत हं!”

“अगं, अफ्रेड म्हणजे घाबरणं ना? त्यांच्यासमोर घाबरले म्हणालीस?”

“इंग्रजीत तक्रार अशीच करतात, आई. घाबरलो आपण म्हणायचं, घाबरतो समोरचा.”

“अगंबाई! मग?”

“मग लगेच ‘आय सजेस्ट’ म्हणून उपाय सांगून टाकायचा. म्हटलं, बेल्ट हळू करा.”

“केला?”

“तिथल्या तिथे! आज दिवसभरात एकही बरणी फुटली नाही. बायकांनी मला नुसतं डोक्यावर घेतलं.”

“शाबास गं माझी वाघीण!”

तेवढ्यात सासूबाईंना आत बोलावलं. त्या उठून आत गेल्या. दार लागलं आणि आतून खणखणीत आवाज आला,

“आय ॲम अफ्रेड, डॉक्टर, ती पक्कड फार मोठी आहे! आय सजेस्ट, आधी डबल भूल द्या!”

पक्कड खाली ठेवल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

पुढचा नंबर शिंप्याचा होता. तो सुजल्या तोंडाने घोकू लागला, “आय ॲम अफ्लेद... आय ॲम अफ्लेद...”