तांबे, थांबे नव्हे

मंडळी, आणि समोर बसलेल्या वहिनी,

आज बोलायला माझ्यापेक्षा नालायक माणूस या सभागृहात नाही. तरी उभा राहिलोय, कारण दारातल्या फळ्यावरचं एक अक्षर मी आत्ताच पुसून आलो. तिथे लिहिलं होतं, ‘थांबेमास्तर यांची शोकसभा’. लिहिणाऱ्याचा दोष नाही. त्याला ते आडनावच वाटलं. गेलेल्या माणसाचं नाव वासुदेव तांबे. तो ‘थ’ मी लावला.

कलकत्त्याच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात ते चौदा वर्षं व्हायोलिन वाजवत होते. चाळीस जण एकत्र वाजवणार, यांची खुर्ची मागच्या रांगेत. तिथे बॉम्ब पडले, ऑर्केस्ट्रा मोडला, आणि हे वहिनींना घेऊन इथे, आपल्या चेरीतालला परत आले. लढाईमुळे आपल्या कारखान्यात भरती जोरात होती. माझ्याच हाताखाली सुटे भाग तपासायला लागले.

त्या वर्षी गणपतीत वाजवा म्हणून मीच मागे लागलो. ते म्हणाले, “भाऊसाहेब, ते एकट्याचं नसते जी. सगळे मिळून असते.”

मी म्हटलं, “चलो, तुमचा हिस्सा वाजवा ना! काहून लाजून राहिले?”

त्यांनी हिस्साच वाजवला, मंडळी. आपल्याला माहीत एक गवई आणि मागे साथ. आपण साथीदाराला एकट्याला बसवलं आणि गाण्याची वाट पाहू लागलो. त्यांनी चार सूर वाजवले आणि थांबले. व्हायोलिन मांडीवर, ओठ हलतायत. मोजत होते. पुन्हा दोन सूर. पुन्हा थांबले. इतरांनी वाजवायची ती जागा होती. त्यांना ते सगळे ऐकू येत होते. आपल्याला नाही.

मी पहिल्या रांगेतून ओरडलो, “अहो, तुम्ही तांबे की थांबे?”

मांडव हसला. आठवतं ना? आता खाली काय बघता? तेव्हा तर मांड्या थोपटत होता! त्यांनी हिस्सा शेवटपर्यंत वाजवला, नमस्कार केला, उतरले. व्हायोलिनची पेटी पुन्हा उघडली नाही. कारखान्यात हजेरीलाही ‘थांबे’ अशी हाक पडू लागली. ते ‘हजर’ म्हणत.

परवा ते आजारी म्हणून भेटायला गेलो. पांघरुणावर बोटं आपटत होते. वहिनींनी विचारलं, “काय मोजून राहिले?”

म्हणाले, “माझी पाळी येऊन राहिली.”

मी शहाणा! मला वाटलं, कारखान्याची पाळी. म्हटलं, “काळजी नका करू मास्तर, तुमच्या पाळीवर दुसरा माणूस लावला.”

बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. काल सकाळी गेले.

माफी मागू? मेलेल्याची माफी मागायला काय लागतं? तो नाही थोडाच म्हणणार आहे. वहिनी, तुमची मागायची मला हिंमत नाही.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कोणी खोकू नका, पाय घासू नका. त्या दिवशी ते थांबले तेव्हा आपण एवढंच करायचं होतं. तेवढंही आपल्याला जमलं नाही.

तांबेसाहेब, मोजा तुम्ही. आम्ही थांबतो.