खट वाजणारा गिअर

मंडळी, खरं सांगतो, या शोकसभेसाठी हे लिहायचं मी सहा दिवस टाळलं. कागद खिशात घालून नेरच्या स्टँडवर जाऊन बसायचो. एकदा तर बाभुळगावच्या गाडीत चढलोही. माझे उस्ताद रहीमचाचा मिस्त्री असते तर म्हणाले असते, "अबे आवारा, पाय एका जागी ठेव, मंग हात सरळ चालंल."

तुम्ही सगळे त्यांच्याच वर्कशॉपात उभे आहात. ही लोखंड कातायची फुटलेली लेथ बघा. बंद मिलच्या भंगारातून चाचांनी ती उचलली, तेव्हा तिला गिअरच नव्हते. त्यांनी मोटारसायकलींचे जुने पिस्टन वितळवले, वाळूच्या साच्यात ओतले, एकेक दात कानशीने घासला. मोठ्या गिअरचा एक दात आखूड झाला. दर फेऱ्याला खट! मी म्हटलं, "चाचा, हा बदलू ना." "रहने दे बे. आवाज आला का समजते, मशीन जित्ती हाये."

भरकटलो पुन्हा. सांगायचं होतं त्या दिवशीचं.

जिनिंग फॅक्टरीच्या मशीनचा शाफ्ट तुटला होता. कापसाच्या गाड्या तीन दिवस उभ्या. गेटवर कोणीतरी बोललं, मिस्त्री मुद्दाम लांबवतो. आणि तुम्ही आलात. होय, तुम्ही! लोखंडी सब्बल घेऊन, कुऱ्हाडीचे दांडे घेऊन. शाफ्ट याच लेथवर चढला होता, अर्धा झाला होता. चाचा ओरडले, "अरे, तुमचंच काम करून राह्यलो बाप्पा!" कोणी ऐकलं? मोटर फोडली. शाफ्ट पकडणाऱ्या चकवर घाव घातले. त्या खट वाजणाऱ्या गिअरवर सब्बल उगारली, तसा चाचांनी हात आडवा टाकला. हात मोडला. दुसरा घाव डोक्यात. रक्त त्या अर्ध्या शाफ्टवर उडालं. माझ्या पाठीवर कोणाचा तरी गुडघा होता, तोंडात माती होती. पण सब्बल कोणाची, ते मी पाहिलं. गिअरही त्यानेच उपटून नेला.

दवाखान्यात चाचा एकदाच बोलले. "गिअर सापडला का रे?" मग गेले.

पोलिसांना मी म्हटलं, गर्दी होती, दिसलं नाही. काहून? भ्यालो. आज ते नाव या कागदाच्या शेवटच्या ओळीत आहे आणि मी ते वाचणार आहे.

त्याआधी एक. मशीन सुरू करण्याआधी चाचा चक हाताने एक फेरा फिरवायचे, तोंडातून शब्द न काढता. तडकलेला का असेना, तो मी आता फिरवतो. फेरा पुरा होईपर्यंत कोणी बोलू नका.

थांबा. दारात कोण आहे?

सुदामभाऊ.

शेवटच्या ओळीतलं नाव स्वतःच चालत आलं, मंडळी. दुपट्ट्यात गिअर गुंडाळून आणलाय त्याने. ए, पुन्हा दांडे उचलले? खाली ठेवा! कोणी हात लावायचा नाही. त्याला मशीनपर्यंत येऊ द्या.