धुरपताबाईनं सोडवून घेतलेलं गाणं

हॅलो? … हॅलो, कोन? … अकोल्याहून? हो, जोडा … कोन, भागी? अवं जराक मोठ्यानं बोल … हो, मी जतनच. तुहे भाऊजी वाशीमले गेले, दुकानात मीच आहो. काहून, सारं बरं आहे ना? … पोरीच्या लग्नाची तारीख निघाली? बरं झालं बाई. वैशाखातली ना? … बँड? आता अकोल्यात काय बँड नाहीत … अस्सं. व्याह्यायले फुलसिंगचाच बँड पाह्यजे. अन् गाणंही तेच. … कशात? वरातीत?

नाही व भागी. वरातीत तो ते गाणं वाजोत नाही आता. … अवं घमेंड कायची? त्याले घमेंड राह्यली असती तर … तुले कोणी सांगतलंच नाही वाटते. ऐक. मधात बोलू नको, सारं सांगू दे.

फुलसिंग आठवते ना तुले? माह्या पोरीच्या लग्नात क्लार्नेट वाजोत होता तो, लाल पागोट्याचा. शेलूबाजारजवळच्या बंजाऱ्यायच्या तांड्यातला … हो, तोच. आधी त्याचा बँड सिनेमाचेच गाणे वाजोत जाय, सारे वाजोतात तसे. हे एक गाणं त्याचं सोताचं. … सोताचं म्हणजे, खरं तर बहिणीचं. मोठी बहीण आहे त्याले, धुरपताबाई. माय लवकर गेली, तिनंच याले वाढोलं. मंग तिले रिठदकडच्या तांड्यात देलं. त्यायच्यात पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून रडते अन् रडता रडता गाते. ढावलो म्हणतात त्याले … हो, शब्द जागेवरच जुळोते. तशी ती फुलसिंगच्या गळ्यात पडली. म्हणे, भाऊ, तुह्या सदऱ्याची गुंडी तुटली, माह्या हाती सुई राह्यली, अन् गाडी दारात आली … हो ना. मलेही पह्यल्यांदा ऐकलं तवा तसंच झालं.

बारा वर्सं त्याच्या कानातून ते गेलं नाही. एक दिवस कारंज्याहून लग्न वाजवून येताना बैलबंडीत बसल्या बसल्या त्यानं क्लार्नेटवर काढून पाह्यलं. ढोलवाला किसनसिंग म्हणे, गड्या, याच्यात मी काय वाजवू? फुलसिंग म्हणे, जिचं पाऊल पुढं पडत नाही, तिचं पाऊल वाजव. … आमच्याच सरकीच्या गोदामात म्हयनाभर बसोलं त्यायनं ते. मी पोते पाहाले जाओ अन् उभीच राहून जाओ.

पह्यल्यांदा वाजोलं ते माह्या पोरीच्या बिदाईले. तू होतीच की … हो, तू तर माह्याहून जास्त रडली. मंग काय विचारता. ज्याच्यात्याच्या तोंडी तेच. मंगरूळ, कारंजा, वाशीम, जिकडं तिकडं फुलसिंगच्या बँडचं गाणं. पण लोकायले बिदाईपर्यंत दम नाही ना. वरातीतच म्हणाले लागले, वाजव. मंग म्हणाले लागले, जराक जलद वाजव. किसनसिंगचा ढोल पळाले लागला अन् लोक नाचाले लागले. … आवडलं कसं असीन त्याले? पण मले त्यानं खरं सांगतलं, भागी, याच दुकानाच्या पायरीवर बसून. म्हणे, जतनबाई, लोक वाहवा करतात तवा हात थांबत नाही.

… हो ऑपरेटर भाऊ, झाले असतील तीन मिनिटं. कॉल वाढवा. बोलणं बाकी आहे … भागी, आहे ना तू? … मंग शेलूबाजारचा बाजार होता. त्याच दिवशी एक वरात बाजारातून चालली होती, सारे घामाघूम होऊन नाचून राह्यले होते. अन् धुरपताबाई बाजाराले आल्ती. डोक्यावर टोपलं, तशीच थांबली. तिले चाल वळखू आली. … आता आपलं रडणं कोणाले वळखू येत नाही? टोपलं खाली ठेवलं, नाचणाऱ्यायच्या मधातून सरळ आली अन् क्लार्नेटच्या तोंडावर तळहात ठेवला. … नाही, वरडली नाही. वरडली असती तर बरं झालं असतं, म्हणे तो. एवढंच म्हणाली, फुल्या, माह्या रडण्यावर हे लोक नाचून राह्यले. टोपलं उचललं अन् गेली.

त्या दिवसापासून त्यानं ते गाणं बंद केलं. लोकायनं भांडणं केले, दोन लग्नं हातची गेली, किसनसिंग तर म्हयनाभर बोलला नाही त्याच्यासंग. … बहिणीकडं? गेला ना. तीनदा गेला रिठदले. पह्यल्यांदा तिनं जेवू घातलं, पण एक शब्द नाही. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा यानं क्लार्नेट तिच्या पदरात ठेवलं. म्हणे, तुहं आहे, ठेव तुह्यापाशी. तिनं ते उलटंपालटं करून पाह्यलं. मंग म्हणे, याच्यातून कसं निघते ते तर दाखव. तथीच अंगणात बसून वाजोलं त्यानं, हळू, जसं आमच्या गोदामात वाजोत होता. अन् ती गाऊ लागली त्याच्यासंग. … नाही, जुने नाही, नवेच शब्द. तो शेलूहून पायी आला, त्याच्या पायाले फोड आले, ते सारं गाण्यात.

मंग तिनं सांगतलं. वाजोत जा, पण पोरगी निघते तवाच. आधी त्या घरच्या बाईनं आपल्या शब्दात गावं, मंग तुहा बाजा. जथी कोणी गाणार नाही तथी वाजवाचं नाही.

… व्याही रुसतील? रुसू दे. वरातीत सिनेमाचे वाजवीन तो, झकास वाजोते. पण गाणं पाह्यजे असीन तर तुले गावं लागीन … आवाजाचं कोण पुसते व? गेल्या म्हयन्यात आमच्या शेजारच्या अमृतलालच्या घरी पोरीची बिदाई झाली. त्याची बायको जन्मात चार लोकायत बोलली नाही. दुसऱ्याच ओळीले तिचा आवाज तुटला. अन् जथी तुटला, तथूनच फुलसिंगनं क्लार्नेटवर उचलला. एक माणूस हालला नाही मांडवात. किसनसिंग डोळे पुसून राह्यला होता, ढोल तसाच गळ्यात.

… काय म्हणू म्हणजे? पोरीले जे सांगाचं राह्यलं ते म्हण. … आताच म्हण. मीच आहो अथी, लाजते कायले? … हं. ऐकून राह्यली मी.

… हं. … 'तुह्या वेणीचा गुंता, माह्या फणीत केस राह्यले' … हो. … चांगलं आहे भागी. … थांब, रडून घे. घाई नाही. … अन् पुढं?

… हॅलो? … भागी? … हॅलो, भाऊ, अकोल्याची लाईन तुटली काय? … नाही, राहू द्या. आता जोडू नका. तिचं तिले पुरं करू द्या.