सात एक आणि हजेरी नंबर बावन्न

काकू, मंडळी, माज्या वर्गातले सगळे, बसून घ्या. मी बोयसरच्या बाजारात मासळी विकते. गिऱ्हाईक समोर असलं की माजं तोंड थांबत नाय, आजपण थांबणार नाय. गुरुजी गेले. तरी खरं सांगू? मला हलकं वाटतंय. शिव्या घालायच्या तर मागनं घाला, आधी ऐका.

आमी सातवीत होतो. बावन्न पोरं. गुरुजींनी फळ्यावर ओळीनं सात एक लिहिले. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. म्हणाले, "ही मूळ संख्या आहे का, बघू. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कोणीच पुरं भागत नाही." मग हजेरीच्या नंबरानं एकेकाला एकेक मूळ संख्या दिली, भागून बघायला. पहिल्या गणूला दोन. त्यानं बसल्या जागी सांगितलं, एक उरतो. नशीब बघा मेल्याचं! मी शेवटची. दोनशे एकोणचाळीस माज्या गळ्यात.

त्या दिवशी आभाळ भरून आलं नि आयनं हाक मारली, "वाळत घातलेले बोंबील उचल गं!" मी पळाले. भागाकार केलाच नाय. दुसऱ्या दिवशी ठोकून दिलं, "गुरुजी, सतरा उरतात." त्यांनी विश्वास ठेवला. पुढचे एकशे पंचवीस भाजक, बघावे लागतात तेवढे सगळे, एकट्यानं करून बघितले. एकानंही भाग गेला नाय. मग शाळेच्या भिंतीवर रंगानं लिहिलं, ही मूळ संख्या.

वर्षं गेली. नातीनं फोनवर बघून सांगितलं, "आजोबा, ही मूळ नाही." गुरुजी म्हणाले, "भाजक सांगू नकोस. चूक माझी, मीच शोधतो." काकू, तुमी बघितलंय, तुमच्या मालकांनी वह्यांवर वह्या भरल्या. आपलेच एकशे पंचवीस, परत परत. आमचे बावन्न? एकदाही नाय. म्हणायचे, "पोरांनी केलंय ते बरोबरच." अरे देवा! पापलेट घेताना तुमी हे सांगत होतात नि माज्या हातातला कोयता तसाच राहिला.

गुरुजी तवा पालघरच्या दवाखान्यात होते, दुसऱ्या दिवशी तिथं गेले. म्हटलं, "गुरुजी, ते सतरा खोटे." त्यांनी कागद पुढं केला. "कर आता." दोनशे एकोणचाळीसनं भागायला घेतलं. चार. सहा. परत चार. शेवटी उरले एकवीसशे एकावन्न. नऊ वेळा. खाली शून्य.

वाटलं, आता बोलणी खाते. गुरुजी हसले. खोकला येईपर्यंत हसले!

"म्हणजे माझा एकही भागाकार चुकला नव्हता?"

"नाय गुरुजी. एकपण नाय."

"सुटलो गं बाई!" म्हणाले. मग म्हणाले, "भिंत पुसू नका. खाली उत्तर लिही. तुझ्या हातानं."

त्या दुपारी ते किती दिवसांनी शांत झोपले, असं काकू, तुमीच म्हणालात. मीपण झोपले.

आज सकाळी लिहून आले. २३९ गुणिले ४६४९. रंग अजून ओला हाय, भिंतीला टेकू नका कोणी.

आता उठा सगळे. जरा वेळ कोणी काय बोलू नका, मीपण नाय बोलणार. एवढंच सांगते नि गप्प होते. गुरुजी, हजेरी नंबर बावन्न. भागाकार पुरा केला.