पत्ता न सांगणारे आत्मारामभाऊ

आजच्या निवृत्ती-समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या कार्यालयात मी एकोणीस वर्षं टंकलेखन करते आहे ते ॲडव्होकेट शरदचंद्र राऊतसाहेब, आपल्या न्यायालयाचे नाझर आणि साऱ्या बेलीफांचे वरिष्ठ श्री. पॉल तुस्कानो, सत्कारमूर्ती आत्माराम म्हात्रे, त्यांच्या पत्नी आशालताताई, वकील मंडळी, कर्मचारी बंधुभगिनींनो आणि भाऊंच्या गावाहून मुद्दाम आलेल्या पाहुण्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माईक हातात देताना पॉलसाहेब म्हणाले, "बाई, तुमचं भाषण टाइप केलेलं दिसतंय. म्हणजे पाचात आटपत नाही." त्यांचा अंदाज बरोबर आहे. हे मी चार वेळा टाइप केलं आणि तीनदा फाडलं.

भाऊ चौतीस वर्षं बेलीफ होते. कोर्टाचं समन्स, नोटीस, हुकूम माणसाच्या हातात नेऊन द्यायचा आणि त्याची सही आणायची, हे त्यांचं काम. अशा माणसाचं स्वागत कोण करणार? होळी गावच्या भाजीमळ्यांत त्यांची सायकल दिसली की लोक केळींच्या मागे जायचे. भाऊ बांधावरून हाक मारायचे, "पाय दिसतात रे तुझे. ये बाहेर. कागद हाय, वाघ नाय." आणि माणूस हसत बाहेर यायचा, सही करायचा, वर वांगी द्यायचा. वांगी भाऊ घेत नसत, हे आशालताताई जरा नाराजीनेच सांगतील.

त्यांची एक पद्धत होती. कागद बजावण्याआधी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा. दारात माणूस विचारतो, "यात काय लिहिलंय?", तेव्हा बेलीफाला उत्तर देता आलं पाहिजे, असं ते म्हणत. या पद्धतीमुळे एक बाई वाचली. आज मी तेवढंच सांगायला उभी आहे.

परवा मी भाऊंची परवानगी घेतली. ते म्हणाले, "सांगा. पन तिचं नाव नको नि गाव नको." माझ्या डायरीत मी तिला लतिका म्हणते. इथेही तेच म्हणेन.

लतिका माझी कॉलेजची मैत्रीण. बागायतदार घरातली, शिवणाचा वर्ग चालवायची. रोज संध्याकाळी आम्ही दोघी सायकलने घरी यायचो. माझं घर आधी लागायचं. मी आत वळले की ती कोपऱ्यावरून दोनदा घंटी वाजवायची आणि पुढे जायची. ती घंटी ऐकल्याशिवाय मी चपला काढत नसे.

एक माणूस तिच्या मागे लागला. नात्याचा नाही, ओळखीचाही नाही. तीन वर्षं. ती वर्गातून बाहेर आली की सायकलच्या हँडलला सोनचाफ्याची फुलं बांधलेली असत आणि तो समोर उभा असे. बोलत नसे. ती वर्गाची वेळ बदले, तोही बदले. चाफा तिचं आवडतं फूल होतं. आता चाफा कुठे दिसला तरी ती रस्ता बदलू लागली.

आम्ही चौकीत गेलो. हवालदारांनी विचारलं, "हात लावला का? शिवी दिली का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग फुलंच देतो ना? आमच्या घरी कोणी आणत नाही." बाकावरचे दोघे हसले. लतिका बाहेर आल्यावर मला म्हणाली, "याला नाव तरी काय गं? नाव असतं तर सांगता आलं असतं." मी बी.ए. झालेली, रोज कायद्याचे कागद टाइप करणारी. मलाही नाव सुचलं नाही.

मग ती घर सोडून चंदनसारला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. ते आम्हा दोघींशिवाय फक्त घरच्यांना माहीत होतं. राऊतसाहेबांनी सांगितलं, दिवाणी दावा लावू, मनाई हुकूम मिळवू, वादीच्या राहत्या घरापासून शंभर मीटरच्या आत यायचं नाही. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. दाव्याचा मजकूर सांगताना साहेब म्हणाले, "पत्ता आईवडिलांच्या घराचाच टाका." मी थांबले. म्हटलं, "साहेब, ती तिथे राहत नाही. खाली शपथ आहे." साहेबांनी चष्मा काढला, लतिकेकडे पाहिलं. ती म्हणाली, "खरं तेच लिहू दे." साहेब म्हणाले, "बरं, लिहा."

मी लिहिला. इमारतीचं नाव, मजला, खोली नंबर. एकही खाडाखोड नाही.

दाव्याची प्रत प्रतिवादीला जाते, हे मला माहीत नव्हतं का? त्या प्रती मीच काढते. कार्बन मीच घालते. तो तीन वर्षं जिच्या मागे फिरला तिचा पत्ता मी त्याच्यासाठी दुसऱ्या प्रतीवर स्वच्छ टाइप केला. नऊ वर्षं मी स्वतःला विचारते आहे, ते सत्यासाठी होतं की माझ्या कागदात चूक नसते या लौकिकासाठी? उत्तर दर वेळी वेगळं येतं.

हुकूम मिळाला आणि बजावायला भाऊंकडे आला. त्या माणसाच्या घराअलीकडे एका चिंचेखाली सायकल लावून त्यांनी कागद वाचला. पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं. "बाई, कागद परत आनला तर हुकूम लागू होत नाय. दिला तर पत्ता जातो." त्यांनी कागद दिला, सही घेतली, आणि ऑफिसला न परतता तशीच सायकल चंदनसारला दामटली. भर दुपारी, पन्नाशीला टेकलेला माणूस.

लतिकेच्या दारात उभं राहून म्हणाले, "ताई, मी कोर्टाचा मानूस. माझ्याकडे तुमच्यासाठी कागद नाय. पन आज हितं थांबू नका."

तिने एक बॅग भरली. शिवणयंत्र तिथेच राहिलं. भाऊंनी तिला एस.टी.त बसवून दिलं. सहा वाजता तो माणूस आला. शेजारच्या सीमाताईंनी पाहिलं, हातात चाफा होता आणि खिशात आमचा कागद. नंबर ताडून पाहत तो जिना चढला.

पुढे वादी गैरहजर म्हणून दावा निकाली निघाला, आणि त्याबरोबर हुकूमही गेला. तो माणूस अजून इथेच आहे. म्हणून ती इथे नाही.

ती मला न सांगता गेली. महिन्याने भाऊंकरवी चिठ्ठी आली, दोन ओळींची. "रागावले नाही. पण तुला पत्ता दिला तर तू तो कुठेतरी नीट लिहून ठेवशील."

ती मला चांगलंच ओळखत होती.

ती कुठे आहे ते फक्त भाऊंना ठाऊक आहे. दिवाळीला त्यांना कार्ड येतं. दर दिवाळीला मी विचारते, "भाऊ, कुठे आहे ती?" ते म्हणतात, "बरी हाय. वर्ग चालू हाय." मी म्हणते, "गाव तरी सांगा." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "कोर्टाचा हुकूम आना, मग बघू." एकदा मी रडले. त्यांनी मला पाणी दिलं, पत्ता नाही दिला. त्या वर्षी मी त्यांच्याशी सहा महिने बोलले नाही. भाऊ, आज सर्वांसमोर सांगते, तुम्ही बरोबर होतात.

या महिन्यापासून नवा कायदा लागू झाला आहे. घरातला छळ करणाऱ्याविरुद्ध बाईला संरक्षणाचा आदेश मिळेल. परवाच मी त्याचं मराठी टिपण टाइप केलं आणि तिच्या बाबतीत काही सापडतं का ते शोधत राहिले. घराबाहेरच्या, नात्याने कोणीही नसलेल्या माणसाविषयी त्यात काही नाही. तरी ते टिपण मी दोनदा वाचलं. तुमची पद्धत उचलली आहे, भाऊ. आणि आता दाव्यात पत्ता लिहिण्याआधी मी साहेबांना विचारते, ही प्रत कुणाच्या हातात जाणार? साहेब चिडत नाहीत.

माझ्या भावाने विरारला ब्लॉक घेतला. मला एक खोली ठेवली आहे. मी गेले नाही. संध्याकाळी कोपऱ्यावर सायकली वळतात, घंट्या वाजतात. कधी एकदाच वाजते, कधी तीनदा. मी दारात जरा थांबते आणि मग चपला काढते.

भाऊ, तुम्हाला आणि आशालताताईंना निवांत आयुष्य लाभो. मला बोलू दिलंत म्हणून अध्यक्षांचे आणि सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभागृहाने ते पदरात घ्यावं. जी चूक मी खाडाखोड न करता केली, ती पदरात घेणारी व्यक्ती मात्र इथे नाही.

पुढच्या दिवाळीला तिचं कार्ड तुमच्या घरी येईल, कोर्टात नाही. मी विचारायला येणार नाही. तुम्ही उत्तर लिहाल तेव्हा खाली एक ओळ घाला. माझा पत्ता तोच आहे. तो सांगायला हुकूम लागत नाही.