जुन्यावर नवं

तुम्हीच सांगा, नवरा गवंडी असला की दाताच्या बाबतीत कुणाचं ऐकायचं, डॉक्टरचं की नवऱ्याचं? माझ्या पुढच्या दातातल्या जुन्या सिमेंटचा कोपरा उडाला, तोही कधी, तर पाळणाघरातली मुलाखत उद्यावर आलेली असताना! वीस वर्षांनी नोकरीला निघायचं, आणि ते असं बोलताना फटीतून शिट्टी वाजवत? ह्यांनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं, ओल आलेली भिंत बघावी तसं, आणि मान हलवली. “अगं, जुन्यावर नवं सहजी धरत नाही. आधी टोचे मारायचे, मग पाणी. कोरड्यावर लावलं की संपलंच! धरलं तर धरलं...”

झालं, जाऊन बसले मी दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, “ताई, सगळं काढत नाही, तुटलंय तेवढंच जोडू,” आणि घर्रर्र... जुनं खरवडलं. मनात म्हटलं, बरोबर, टोचे मारले. मग कसलंसं निळं औषध लावलं, धुतलं, आणि नळीनं हवा मारून दात पार खडखडीत सुकवला की हो! पाणी कुठाय? तोंडात कापूस, विचारणार कशी? ते माल घ्यायला वळले... आणि तुम्हाला सांगते, अगदी चांगल्या मनानं, मी जिभेनं दात छान भिजवून ठेवला.

वर नवं बसलं, निळा दिवा लागला, हातात आरसा आला. दात कसा, नवाकोरा! डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, “कोरडं राहिलं, हेच महत्त्वाचं. थुंकीचा थेंब लागला असता ना ताई, तर पकडच आली नसती. बोलता बोलता पडलं असतं.”

सांगणार होते हो... पण इतका भला माणूस, पाठ मोडेस्तोवर वाकलेला... मी नुसतं “हं” केलं. तेही ओठ मिटून.

मग दिवसभर तोंडाला कुलूप. लेक म्हणते, “आई, नुसतं ‘नमस्कार’ तरी म्हणून बघ!” कशी म्हणू? हललं का? नाही हललं... आत्ता ‘टक्’ वाजलं का? आणि ह्यांचं आपलं एकच, “धरलं तर धरलं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाखतीच्या बाईंना ‘नमस्कार’ म्हटलं आणि तुकडा त्यांच्या वहीवर पडला. त्या म्हणाल्या, “कळवू.” घरी ह्यांनी तो तळहातावर उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, “पाणी कमी पडलं.”